घरी बनवलेल्या माइकमधली 'घूंऽऽ': कॅप्सूल बदलण्याआधी काय काय तपासायचं

गेल्या काही वर्षांत मी घरी जोडलेले माइक बरेच दुरुस्त केले. काही माझे, काही मित्रांचे, काही शाळेतल्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेले, दोन एका भजनी मंडळाचे. तक्रार जवळजवळ दर वेळी एकच: "आवाज येतो, पण मागं सारखं घूं चालू असतं." आणि लगेच पुढचा प्रश्न: "कॅप्सूल गेली बहुतेक. दुसरी आणू का?"

आणू नका. दहा-वीस रुपयांची ती बटणाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे आवाजाची वीज करणारा माइकचा मुख्य भाग, या तक्रारीत क्वचितच दोषी निघते. दोष असतो तो तिच्या भोवतीच्या वायरीत, वायरीच्या आतल्या तांब्याच्या जाळीत, टोकाच्या पिनेत, चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये. नवी कॅप्सूल जुन्याच वायरीला जोडली की घूं तशीच राहते, आणि माणूस वैतागून माइक ड्रॉवरमध्ये टाकून देतो. माइक ड्रॉवरमध्ये जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सॉफ्टवेअरनं का काढू नये

"रेकॉर्डिंग झाल्यावर नॉइज रिडक्शन मारू" असं मीही पूर्वी म्हणायचो. मिरजेला एका मर्दानी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग केलं त्या दिवसापासून सोडून दिलं. तंबोरा काळी एक पट्टीत लावलेला होता. खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झ आणि पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूंमध्ये ५० असतो आणि त्याच्या दुप्पट १०० सुद्धा असतो. आता १०० आणि १०४ एकत्र वाजले की काय होतं? सेकंदाला चार हेलकावे. हेडफोन लावून बसलेल्या वादकांना पंचम डुलताना ऐकू येत होता. त्यांना वाटलं तार उतरली, म्हणून दहा मिनिटं मणका खालीवर करत राहिले. तार अगदी जागेवर होती, डोलत होती ती माझ्या माइकमधली वीज.

घरी येऊन १०० हर्ट्झवर फिल्टर लावला, तर घूंबरोबर पंचमाचा पायाही गेला. दोघांमध्ये चारच हर्ट्झचं अंतर, सुरी कुठून फिरवणार? गाण्याच्या, ओव्यांच्या, वाद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये घूं मुळाशीच थांबवावी लागते. नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग असेल तर सॉफ्टवेअर थोडं चालून जातं, पण तिथंही आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

आधी लक्षणं नीट ऐका

हेडफोन लावा, काही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ते मोठ्या आवाजात ऐका. कसला आवाज आहे यावरून अर्धं निदान होतं.

– खालच्या सुरातली, स्थिर घूंऽऽ. ही ५० किंवा १०० हर्ट्झची. जाळी तुटलेली, तारा उलट जोडलेल्या, चार्जर किंवा अर्थिंग.

– कर्कश झर्रर्र, जणू कागदावर माशी अडकलीय. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी दिवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग केलं तरी हाच आवाज येतो, कारण बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरची वीज गोल लाटेची नसते, चौकोनी पायऱ्यांची असते.

– टर्र-टर्र, टर्र-टर्र अशी ठेक्यातली कुरबुर. जवळ मोबाइल आहे आणि तो टू-जी नेटवर्कशी बोलतोय.

– बारीक चीं, माउस हलवला की बदलणारी. यूएसबीमधून घेतलेली वीज.

– वायर हलवली की कडकड. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड, किंवा आत तुटलेली वायर.

– सगळ्यावर पसरलेली सूंसूं, पाऊस लांब पडत असल्यासारखी. याला घूं म्हणू नका, हा कॅप्सूलचा स्वतःचा आवाज. या एका लक्षणात मात्र कॅप्सूल बदलणं बरोबर आहे. शांत आवाजासाठी लोक प्रायमो कंपनीची ईएम २७२ कॅप्सूल घेतात. तिचा स्वतःचा आवाज १४ डेसिबल, म्हणजे फारच कमी. पण जाळी तुटकी असेल तर त्या महागड्या कॅप्सूलमध्येही घूं तशीच येणार.

आता तपासण्या. पहिल्या चार फुकटच्या आहेत. क्रम सोडू नका. मी स्वतः जेव्हा जेव्हा थेट सोल्डरिंग गन तापवली, तेव्हा तेव्हा वेळ वाया गेला आहे.

१. तुमचाच माइक रेकॉर्ड होतोय ना?

रेकॉर्डिंग चालू करा आणि माइकच्या तोंडावर नखानं खरवडा. मग लॅपटॉपच्या किंवा फोनच्या स्वतःच्या माइकच्या भोकाजवळ खरवडा. कुठला आवाज मोठा आला?

हे तपासायला लाज वाटते, तरी तपासा. फोनला लावलेल्या घरगुती माइकच्या दर चार-पाच तक्रारींत एक तरी अशी निघते, की फोननं बाहेरचा माइक ओळखलेलाच नसतो आणि तो आपल्या पोटातल्या माइकवरून खोलीतला पंखा रेकॉर्ड करत असतो. याचं कारण पिनेत असतं, त्याबद्दल पुढं.

२. चार्जर काढा

लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बाकी काही हलवू नका, पुन्हा रेकॉर्ड करा. घूं गेली? मग माइक निर्दोष आहे.

असं का होतं ते सांगतो. चार्जरच्या आत मेन्स बाजू, म्हणजे भिंतीतल्या विजेची, आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किरकोळ वीज झिरपते. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असून सॉकेटमध्ये अर्थ नसेल, तर तिला जायला वाट नसते. मग लॅपटॉपची सगळी बॉडी त्या विजेवर तरंगत राहते. धातूच्या लॅपटॉपवरून हात हलका फिरवला की झिणझिण्या येतात ना, त्या याच. माइकचा ग्राउंड, म्हणजे सिग्नलची परतीची तार, त्याच बॉडीला जोडलेला असल्यामुळे माइकही तिच्याबरोबर डुलतो.

उपाय साधा: रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. चार्जर लावणं भागच असेल तर चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटला तीन पिनांचा चार्जर लावा. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत तिसरं भोक असतं, पण त्यामागे कधी कधी काहीच जोडलेलं नसतं. ते स्वतः उघडून बघायचं नाही, त्याबद्दल शेवटी.

३. खोलीतलं एक-एक बंद करा

फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग पंखा, मग ट्यूब, मग एलईडी, मग टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. सगळं एकदम बंद केलंत तर कोण दोषी ते कळणार नाही, म्हणून एकेक.

पंख्याच्या बाबतीत एक बारकावा. पंखा पूर्ण वेगात ठेवा आणि मग रेग्युलेटर मधल्या आकड्यावर आणा. झर्रर्र फक्त मधल्या आकड्यांवर येत असेल तर दोष इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. तो विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, आणि त्या कापाच्या कडेतून हा आवाज फुटतो. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर असेल तर त्रास खूप कमी.

माइकची वायर एक्स्टेन्शन बोर्डावरून, चार्जरच्या ठोकळ्यावरून जात असेल तर ती हातभर लांब घ्या. ओलांडावीच लागली तर आडवी, काटकोनात ओलांडा. विजेच्या वायरीला समांतर धावणारी माइकची वायर सगळ्यात जास्त घूं गोळा करते.

४. हात लावून बघा

रेकॉर्डिंग चालू ठेवून, लॅपटॉप बॅटरीवर असताना, माइकच्या धातूच्या भागाला बोट लावा.

घूं *वाढली*, तर कॅप्सूलचा धातूचा डबा ग्राउंडला जोडलेला नाही. एक तर दोन्ही तारा उलट जोडल्यात किंवा जाळी कुठंतरी तुटलीय. घूं *कमी झाली*, तर जाळी आहे पण अपुरी आहे, कुठंतरी उघडी जागा राहिलीय. काहीच फरक पडला नाही, तर घूं माइकच्या पुढं कुठंतरी मिसळतेय: वीजपुरवठ्यात, पिनेत किंवा मिक्सरमध्ये.

या एका बोटानं पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा ठरते. उत्तर कागदावर लिहून ठेवा.

५. पिन बरोबर आहे का?

आता थोडा खर्च, नवीन पिनेचा. पिना दिसायला सारख्या असतात, पण आत तीन घराणी आहेत.

जुन्या कॉम्प्युटरच्या गुलाबी जॅकमध्ये टोकावर आवाज, मधल्या कड्यावर कॅप्सूलसाठी वीज आणि मागच्या भागावर ग्राउंड. दोन तारांची कॅप्सूल तिथं लावायची तर टोक आणि मधलं कडं एकत्र जोडावं लागतं. स्टीरिओ रेकॉर्डरमध्ये टोक म्हणजे डावा माइक, कडं म्हणजे उजवा, आणि दोन्हींवर वीज. फोन आणि आजच्या लॅपटॉपच्या एकाच जॅकमध्ये चार भागांची पिन लागते: टोक आणि पहिलं कडं हेडफोनसाठी, दुसरं कडं ग्राउंड आणि सगळ्यात मागचा भाग माइक. काही जुन्या फोनांत शेवटचे हे दोन भाग अदलाबदल केलेले असतात.

तीन भागांची पिन फोनमध्ये घातली की काय होतं? तिचा लांब मागचा भाग फोनचा माइक आणि ग्राउंड यांना एकत्र जोडून टाकतो. फोन समजतो, नुसता हेडफोन लागलाय, आणि तो आपला पोटातला माइक चालू ठेवतो. हीच पहिल्या तपासणीतली गडबड. तयार अडॅप्टर मिळतो, तो घ्या. पिन बरोबर असूनही फोन माइक घेत नसेल, तर कॅप्सूलचा डीसी रेझिस्टन्स त्याला फार कमी वाटत असण्याची शक्यता आहे. इअरफोनवरचं बटण दाबल्यावरही हेच घडतं, म्हणून फोन फसतो.

६. मल्टीमीटर: डबा कुठल्या टोकाला?

मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एवढा एक घ्याच.

माइक सगळ्यापासून सुटा करा. कॅप्सूल उलटी करून उजेडात धरा, जमलं तर भिंगाखाली. मागं हिरव्या किंवा पिवळट पाटीवर दोन टोकं दिसतील. एका टोकापासून तांब्याच्या दोन-तीन बारीक रेघा निघून कडेला, ॲल्युमिनियमच्या डब्याच्या वळलेल्या काठाखाली शिरताना दिसतात, बोटं पसरल्यासारख्या. तेच ग्राउंडचं टोक. दुसरं टोक एकटं, बेटासारखं. ते सिग्नलचं.

डोळ्यांवर विसंबू नका. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर, ठेवा, एक प्रोब डब्याला लावा, दुसरा एका टोकाला. बीप वाजला तर ते ग्राउंड. आता तसंच डब्यापासून पिनेच्या ग्राउंडपर्यंत बघा. बीप हवा. डब्यापासून पिनेच्या सिग्नलपर्यंत बघा. बीप नको.

माझ्याकडं आलेल्या माइकांत हा सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष: तारा उलट. त्रासाची गोष्ट अशी, की तारा उलट असूनही बरेचदा आवाज येतो, बारीक आणि फाटका. म्हणून जोडणाऱ्याला शंकाच येत नाही. पण आता कॅप्सूलचा अख्खा डबा सिग्नलच्या तारेला लागलेला असतो, म्हणजे तो खोलीतल्या विजेसाठी अँटेना झाला. चौथ्या तपासणीत बोट लावल्यावर घूं वाढत होती ती यामुळेच.

मग माइक लावून व्होल्टेज बघा. कॅप्सूलच्या दोन टोकांमध्ये डीसी. आत सिग्नलला बळ देणारा एक एफईटी ट्रान्झिस्टर असतो, त्याला चालायला वीज लागते. लॅपटॉप किंवा फोनवर दीड-दोन व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. शून्य आलं, तर एक तर वीज पोचत नाही किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. कॅप्सूल लावल्यावरही आणि काढल्यावरही तेवढंच व्होल्टेज दिसलं, तर कॅप्सूल वीज घेतच नाही: जोड सुटलाय किंवा आतला एफईटी गेलाय.

७. वायर आणि जाळी

इथं थोडा वेळ थांबतो, कारण घरगुती माइकची मूळ दुखणी बहुतेक इथंच असतात.

जुन्या इअरफोनची वायर कापून माइकला लावायची, हे सगळेच करतात. हाताशी असते, मऊ असते. पण ती बहुतेक वेळा शिल्डेड, म्हणजे जाळीनं वेढलेली, नसते, आत नुसते दोन-तीन पीळ शेजारी शेजारी. वर त्या बारीक तारांवर लाल, हिरवी, सोनेरी लाख असते आणि आत दोरा असतो. त्या लाखेवर सोल्डर चिकटल्यासारखं दिसतं पण चिकटत नाही. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी कडकड सुरू. तीच वायर वापरायची असेल तर टोकावर सोल्डरचा थेंब ठेवून लाख जळून धूर येईपर्यंत तापवा, तार चंदेरी झाली की मगच जोडा. आणि हे कॅप्सूलपासून लांब, वायर सुटी असताना करा. पण वीतभरापेक्षा लांब माइक करायचा असेल तर ही वायर नकोच.

शिल्डेड माइक वायर मीटरवर मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत, छोट्या गावात स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडं. "माइकची जाळीवाली वायर" म्हटलं की कळतं. आत एक तार, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर तांब्याच्या केसांची जाळी. जाळी म्हणजे सिग्नलच्या तारेभोवतीची भिंत. खोलीतली वीज भिंतीवर आदळते आणि ग्राउंडकडं निघून जाते. पण भिंत दोन्ही टोकांना पोचलेली हवी: इकडं कॅप्सूलच्या डब्यापर्यंत, तिकडं पिनेच्या ग्राउंडपर्यंत.

जोडताना जाळीचे केस एका बाजूला ओढून घट्ट पीळ द्या. एखादा केस सुटून सिग्नलच्या टोकाला टेकला तर माइक मुका होतो, आणि तो केस डोळ्यांना दिसतही नाही. आतली तार जाळीबाहेर चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त उघडी ठेवू नका. एका मुलीचा माइक आला होता, सगळं बरोबर जोडलेलं, पण आतली तार बोटभर उघडी होती, "सोल्डरिंगला सोपं जावं म्हणून". ती बोटभर तार छाटली आणि घूं जवळजवळ गेली.

सोल्डर करताना कॅप्सूलला जपा. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी जो इलेक्ट्रेट माइक बनवला, त्याचं सगळं मर्म एका प्लास्टिकच्या पातळ पडद्यात कायमचा साठवलेला विद्युतभार हेच आहे. पडदा फार तापला की तो भार जातो, आणि गेलेला भार परत आणता येत नाही. टोकावर गन दोन सेकंद, फार तर तीन. जमलं नाही तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा. कॅप्सूल एखाद्या जाड धातूच्या पट्टीतल्या भोकात बसवून सोल्डर केली तर उष्णता पट्टी ओढून घेते.

वायर चांगली असूनही घूं राहिली तर डब्याकडं बघा. पेनच्या नळीत, पीव्हीसी पाइपात बसवलेला माइक छान दिसतो, पण प्लास्टिकला वीज अडवता येत नाही. आधी फुकटचा प्रयोग करा. कॅप्सूलची मागची बाजू टेपनं झाका, त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, समोरचं भोक मोकळं ठेवा आणि चिमट्यानं फॉइल ग्राउंडला जोडा. घूं पडली का? मग पक्कं काम करा. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, म्हणून तांब्याची चिकटपट्टी किंवा पितळेची नळी घ्या आणि ती ग्राउंडला सोल्डर करा.

८. मोबाइलची टर्र-टर्र

टू-जी फोन सतत लहर सोडत नाही, तो सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी बोलतो. कॅप्सूलमधला एफईटी त्या रेडिओ लहरीला आवाजात बदलतो. फोन लांब ठेवणं हा पहिला उपाय. तो जमत नसेल तर कॅप्सूलच्या दोन टोकांवर, अगदी मुळाशी, ३३ पिकोफॅरडचा एक आणि १० पिकोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर लावा. पाय जेवढे आखूड ठेवता येतील तेवढे ठेवा, लांब पाय स्वतःच अँटेना होतात. दोन्ही मिळून दोन रुपयांचं काम.

९. वीज कुठून घेताय?

कॅप्सूलला यूएसबीचे ५ व्होल्ट दिले असतील तर चीं येणारच, कारण त्याच तारेवर कॉम्प्युटरचा सगळा कारभार चालू असतो. आधी यूएसबी काढून दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून द्या. चीं गेली तर दोषी सापडला. मी तर सेलवरच ठेवा म्हणेन. कॅप्सूल अर्धा मिलिॲम्पियरच्या आसपास वीज घेते, सेल महिनोन्‌महिने चालतात, फक्त वापर झाल्यावर बंद करायला एक स्विच ठेवा.

यूएसबीच हवी असेल तर आधी १ किलोओहमचा रेझिस्टर, मग तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि मग नेहमीचा २.२ किलोओहमचा रेझिस्टर. ही गाळणी ५० हर्ट्झवरची लहर तिसाव्या हिश्शापर्यंत खाली आणते, वरच्या चींला तर त्याहून जास्त अडवते. कपॅसिटरची अधिक-उणे बाजू बघून लावा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतो आणि कडकड नवी सुरू होते.

मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे मिक्सर माइकच्या वायरीतूनच पाठवतो त्या विजेवर, मात्र नुसती कॅप्सूल कधीही लावू नका. बहुतेक कॅप्सूलची मर्यादा १० व्होल्टपर्यंत असते. त्यासाठी वेगळं सर्किट लागतं. ते बनवायचं असेल तर अनुभवी माणसाला शेजारी बसवून पहिलं करा.

१०. मिक्सर, लॅपटॉप, ॲम्प्लिफायर सगळं जोडल्यावरच घूं

माइक एकटा ठीक, पण सगळं जोडलं की घूं, हा ग्राउंड लूप. दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटवर, दोन्हींचे अर्थ भिंतीतून जोडलेले, आणि ऑडिओच्या वायरीतूनही जोडलेले. असा वेटोळा तयार झाला की त्यात वीज फिरते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तरी राहिली तर मिक्सरचं आउटपुट आणि पुढचं यंत्र यांच्यामध्ये ६०० ओहमचा एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये घालू नका, कारण कॅप्सूलला लागणारी डीसी वीज ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही.

एका मंडपात ॲम्प्लिफायरची अर्थची पिन कापलेली पाहिली होती, "घूं जाते म्हणून". जाते हे खरं. पण त्या ॲम्प्लिफायरमध्ये काही बिघडलं तर पूर्ण मेन्स वीज माइकच्या जाळीवर येऊ शकते, आणि माइक गाणाऱ्याच्या ओठांशी असतो. अर्थची पिन कापू नका. कोणी कापली असेल तर त्या दिवशी ते यंत्र लावू नका.

पावसाळ्याबद्दल थोडं

जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात, चांगले माइकसुद्धा अधूनमधून कडकडतात. कॅप्सूलच्या आतला पडदा आणि एफईटी यांच्यामधला जोड इतका नाजूक असतो, की दमटपणाचा पातळ थरही त्याला पुरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर मारू नका, कारण वर सांगितलं तेच: ताप.

कुठं थांबायचं

लॅपटॉपचा किंवा फोनचा जॅकच हलतो, दुसऱ्या कुठल्याही माइकवरही तीच घूं येते, तर ते बोर्डवरचं काम. दुरुस्तीवाल्याकडं न्या. तोपर्यंत छोटं यूएसबी साउंड कार्ड लावून काम चालतं.

मिक्सरचा, ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय उघडू नका. मेन्स बंद केल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. व्हॉल्व्हवाला जुना माइक हाती आला तर त्याचा पॉवर सप्लाय तर अजिबात नाही, त्यात शेकड्यानं व्होल्ट असतात.

आणि तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये असूनही लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, नळाला किंवा गीझरला हात लावल्यावर टोचत असेल, तर माइकचा विचार सोडा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. सॉकेटमध्ये मल्टीमीटर घालून स्वतः मोजत बसू नका. त्याला तीन गोष्टी करायला सांगा: फेज ते अर्थ व्होल्टेज, न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज, आणि अर्थची तार अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत खरोखर पोचते की मध्येच तुटलीय. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर अर्थ हवेत लटकतोय. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर त्याच भेटीत तो बसवून घ्या. काम होईपर्यंत रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, आणि चार्जर नुसता लॅपटॉपमधून नाही, भिंतीतूनही काढून ठेवा.